दहाव्या गाण्याची घोडी

१

जरा कल्पना करा. तुम्ही एका खोलीत उभे आहात आणि तुम्हाला शिंकायला बंदी आहे. खोकायला बंदी, खुर्ची सरकवायला बंदी, खिशातल्या किल्ल्या वाजवायलाही बंदी. खोलीच्या मधोमध उंच दांडीवर एकच माइक आहे. त्याच्याभोवती तीन माणसं उभी आहेत. एकीच्या गळ्यात बँजो, एकाच्या हातात गिटार आणि एका म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. ज्याची पाळी तो एक पाऊल माइककडे येतो, आपलं वाजवतो आणि मागे सरकून दुसऱ्याला वाट देतो. कोणी कोणाला कोपर मारत नाही. घरी पुरणपोळीच्या ताटाभोवती तुम्ही असंच वागता का, ते तुमचं तुम्हाला माहीत.

या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. ते अमेरिकेतल्या डोंगरांत वाढलं. डोंगरात हाक मारायची तर आवाज उंच लावावा लागतो, तसं हे गाणं उंच लागतं. ऐकताना वाटतं, समोरच्या टेकडीवरून कोणीतरी आपल्याला घरच्या नावाने बोलावतंय. बँजो पाहिला नसेल तर असं समजा, की डफाला गिटारची मान लावली आहे. गणपतीच्या मिरवणुकीत कळा दाबून वाजवतात तो बेंजो वेगळा. याच्यावर ताणलेलं कातडं असतं आणि त्यावरून पाच तारा जातात.

केली बाप्टिस्ट हे गाणं गाते. वय चोवीस, मूळ वसईची, वाढली दुबईत अल मनखूलला. आठवडाभर एका हॉटेलच्या रिसेप्शनवर ती हसून लोकांना खोल्यांच्या चाव्या देते आणि सुट्टीच्या दिवशी गाते. एकदा अबुधाबीत ती गात असताना स्पीकर बंद पडले. केली थांबली नाही. मागच्या रांगेतली माणसंही उठली नाहीत, कारण तिथवर तिचा आवाज पोचत होता. त्या दिवसापासून लोक विचारू लागले, "हिचा अल्बम कुठाय?"

तो पहिला अल्बम शारजाच्या औद्योगिक भागात, एका गॅरेजच्या वरच्या खोलीत तयार होत होता. दहा गाण्यांतली नऊ झाली होती. दहावं शनिवारी करायचं होतं.

शनिवारी सकाळी केलीने बँजोची पेटी उघडली आणि ती जमिनीवर तशीच बसून राहिली.

"काय गो बाय? काय झालं?" फिडलवाले स्टॅनली अंकल म्हणाले.

"अंकल," केली म्हणाली, "घोडी नाही."

२

ही घोडी चार पायांची नव्हे. तंबोऱ्याच्या तारा ज्या लहानशा पुलावरून जातात, त्याला आपण घोडी म्हणतो. बँजोलाही तशीच घोडी असते. तारा तिच्यावरून जातात, तिचे पाय कातड्यावर टेकलेले असतात, आणि तारांची थरथर तिच्यातूनच कातड्यात उतरते. घोडी नाही, तर बँजो म्हणजे नुसती भिंतीवर टांगायची वस्तू.

आणि ही घोडी दुकानातली नव्हती. केलीचे आजोबा फुजैराच्या बंदरात, मोठ्या जहाजांना तेल भरणाऱ्या बोटीवर कामाला होते. एका जहाजावरच्या अमेरिकन इंजिनिअरने जाताना त्यांना आपला बँजो देऊन टाकला. त्याची घोडी तुटकी होती. आजोबा सुट्टीवर वसईला गेले, तेव्हा बावखलावरचा जुना रहाट मोडला होता. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं तळं आणि रहाट म्हणजे त्यातलं पाणी वर काढणारं लाकडी चाक. आजोबांनी त्याच्या एका फळीतून नवी घोडी कोरली. पिढ्यान्‌पिढ्या पाणी प्यालेलं ते लाकूड. त्यातून बँजोचा आवाज जरा ओलसर, जरा गोल निघायचा. नऊ गाण्यांत तोच आवाज होता. दहावं गाणं तर मराठी होतं आणि त्या रहाटावरच होतं.

"ऑनलाइन दुसरी मागव ना," नादिया म्हणाली. नादिया परेरा म्हणजे रेकॉर्डिंग करणारी. कानांवर हेडफोन, बोलणं फटाफट. "सोमवारी येईल."

"सोमवारी अंकल कुठे आहेत?" केलीने विचारलं.

स्टॅनली तुस्कानो यांनी सगळी उमर दुबईच्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली होती. आता ते रिटायर झाले होते, व्हिसा कॅन्सल झाला होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांचं मुंबईचं विमान होतं. केलीला पहिला सूर त्यांनीच शिकवला होता. आणि ब्लूग्रासमध्ये सगळे एका माइकसमोर एकत्र वाजवतात. एकाने आज आणि दुसऱ्याने सोमवारी, असं त्यात चालत नाही. म्हणजे दहावं गाणं आज झालं तर झालं, नाहीतर स्टॅनली अंकलच्या फिडलसकट ते कायमचं राहिलं.

"काल संध्याकाळी होती," केली म्हणाली. "मी स्वतः पेटीत बँजो ठेवला. मग आपण सगळे खाली कॅफेटेरियात करक चहा प्यायला गेलो. कोणीतरी नेली. आपल्यातल्याच कोणीतरी."

कोपऱ्यात दोघं जण बसले होते. एक अनुपमा गद्रे, शाळेत सायन्स शिकवणाऱ्या. केलीचं मराठी कच्चं, म्हणून दहाव्या गाण्याचे शब्द त्यांनी तिच्याबरोबर बसून नीट केले होते. दुसरा त्यांचा शेजारी आणि विद्यार्थी, वरद. अकरा वर्षांचा. वरद केलीबरोबर वाजवणाऱ्या एल्रॉयकडे गिटार शिकायचा आणि रेकॉर्डिंग असलं की इथेच असायचा. शुक्रवारी अर्धी शाळा सुटली की तो दप्तरासकट थेट इकडे येई. त्याला कामंही खूप होती. रेकॉर्डिंग सुरू होताना खिडकीत लाल टॉवेल लटकवायचा, म्हणजे खालचे मेकॅनिक हातोडा थांबवत. केबल गुंडाळायच्या. एसी घरघरतो म्हणून तो बंद करायचा आणि गाणं संपलं की चालू करायचा. गिटारच्या तारांना ढील द्यायची. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या.

आज मात्र तो हलला नव्हता. त्याने अनुपमा मिसच्या कानाशी तोंड नेलं.

"मिस, कॅन इट बी फिक्स्ड?"

"आधी सापडू तर दे," मिस म्हणाल्या आणि उठल्या. "केली, मी बघू का जरा? कोणी पेटीला हात लावू नका."

३

अनुपमा मिसची एक सवय होती. वर्गात काही फुटलं, सांडलं, हरवलं, तर त्या "कोणी केलं?" असं पहिल्यांदा विचारतच नसत. "काय दिसतंय?" असं विचारत. मुलांना हा प्रश्न सोपा वाटतो. तसा तो नाही.

त्या बँजोजवळ गुडघे टेकून बसल्या.

"तारा तुटल्यात?" नादियाने विचारलं.

"नाही. पाचही शाबूत आहेत, पण पार सैल. कातड्यावर लोळतायत." त्यांनी खुंट्यांकडे पाहिलं. बँजोच्या चार खुंट्या मानेच्या टोकाला असतात आणि पाचवी अर्ध्या वाटेवर, मानेच्या कुशीत. "पाचव्या खुंटीसकट सगळ्या सारख्याच फिरवल्यात. नीट, मोजून."

"चोर बडा सफाईवाला निकला," नादिया म्हणाली.

"तेच तर. घोडी चोरायला तारा सैल कशाला करायला हव्यात? केली, नुसतं ढकलून निघते का ती?"

"जोर लावला तर आडवी पडते. किंवा कटरने तारा तोडल्या की झालं."

"आणि पेटीत आणखी काय आहे?"

होतं सगळं. बोटांत घालायच्या चांदीच्या नख्या, सूर तपासायचं यंत्र, फुजैराच्या बोटीवर काढलेला आजोबांचा फोटो. काही गेलं नव्हतं. पेटीच्या दोन्ही कड्या व्यवस्थित लावलेल्या होत्या.

मिसनी बँजो खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला. कातड्यावर पेन्सिलीच्या तीन बारीक खुणा होत्या.

"या कसल्या?"

"घोडीचे तीन पाय तिथे यायला पाहिजेत," केली म्हणाली. "रोज सकाळी बघते मी. हलली असेल तर सरकवते."

त्या तीन खुणांवर काहीतरी मंद चकाकत होतं. मिसनी बोट फिरवलं. बोटाखाली बारीक वळी जमली, खोडरबराच्या चुऱ्यासारखी. त्यांनी ती हुंगली. वास इतका ओळखीचा होता, की त्यांनी पटकन बोट रुमालाला पुसलं.

आणि मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "मला प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलायचंय. एकेकट्याने. जिन्यात."

"मिस, तुम्ही पोलीस झालात काय?" इतका वेळ गप्प असलेला एल्रॉय म्हणाला.

"नाही रे बाबा. टीचर आहे. त्याहून वाईट."

४

पहिले स्टॅनली अंकल आले. हातात टोपी, ती ते गोल गोल फिरवत होते.

"काल करक प्यायला गेलात, तेव्हा मध्येच तुम्ही वर आला होता, अंकल."

"टोपी विसरलो होतो. वरद होता ना वर, केबल गुंडाळत. टोपी घेतली, खाली गेलो."

"काल तुम्ही म्हणालात, हे गाणं संपूच नये."

अंकलचे डोळे भरले. "म्हणालो. गाणं संपलं की मी एअरपोर्टला. उद्यापासून वसईला कोण ऐकणार माझं फिडल? चर्चमध्ये लग्न असलं तर बोलावतील. पण बाय, म्हणून मी पोरीचं गाणं मारीन? तिच्या पहिल्या अल्बमवर माझं नाव आहे. बायकोला फोन करून तीनदा सांगितलंय."

"एकच विचारते. बँजोची घोडी कशाने चिकटवतात?"

अंकल एवढे हसले, की टोपी पडली. "चिकटवतात? कोण चिकटवतो? माझ्या फिडलची पण नसते चिकटवलेली. नुसती उभी असते."

नादिया आली ती घड्याळ दाखवतच. "मिस, जल्दी. मला माहितीय तुम्ही काय विचारणार. हो, मी बोलले होते, नऊ गाणी पुरे, खलास, मराठी ब्लूग्रास कोण घेणार. पण परवा रिहर्सल ऐकली ना, तेव्हा हेडफोन काढून रडले मी. कोणाला सांगू नका."

"नाही सांगत. घोडी कशाने चिकटवतात?"

"चिकटवत नाहीत. केली रोज सरकवते ना. चिकटवली तर सरकणार कशी?"

शेवटी एल्रॉय. एल्रॉय घोन्साल्विस, उंच, केस मागे बांधलेले, दिवसा एका ऑफिसात अकाउंट्स बघणारा. शुक्रवारी दुपारी त्याचं आणि केलीचं चांगलंच वाजलं होतं. "ड्रम्स टाक, रेडिओवाले घेतील," एल्रॉय म्हणाला होता. "असं सुकं सुकं कोण ऐकतो?" केली म्हणाली होती, "मग तू रेडिओतच जा."

"एल्रॉय, तुझा एक नियम आहे ना? रात्री एसी बंद होतो, खोली तापते, म्हणून जाताना तारांना ढील द्यायची."

"हो. माणसाला झोप, तारांना ढील."

"काल गिटारला ढील कोणी दिली?"

एल्रॉयने तोंड उघडलं. मग जिन्याच्या दारातून आत, खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"मीच," तो म्हणाला.

"आणि घोडी कशाने चिकटवतात?"

"गिटारची? ग्लूने. पक्की असते, फॅक्टरीतच."

"बँजोची."

"ती कुठे चिकटवतात? ती तर..." एल्रॉय थांबला. "तुम्ही हे का विचारताय?"

पण तेवढ्यात केली जिन्यात आली होती. शेवटचं घोडीचं बोलणं नव्हे, त्याआधीचं ढील दिल्याचं तिने ऐकलं होतं.

"काल वर तू होतास? ढील तू दिलीस?" तिचा तो डोंगरापार जाणारा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग माझ्या तारा पण तूच सैल केल्यास. ड्रम्ससाठी, एल्रॉय? माझ्या आजोबांची घोडी?"

एल्रॉयने एकदा मिसकडे पाहिलं, एकदा केलीकडे. नाही म्हणाला नाही. तो आत गेला, गिटार पेटीत ठेवली आणि पेटीच्या कड्या एकेक करून लावू लागला.

५

आता इथे जरा थांबा. मला घाई नाही, आणि तुम्हीही करू नका. अनुपमा मिसना जे दिसलं ते सगळं तुम्हालाही दिसलं आहे. सैल तारा, सारख्या फिरवलेल्या खुंट्या, पेन्सिलीच्या खुणा आणि बोटाखाली जमलेली ती वळी. तीन माणसांची उत्तरं तुमच्याकडे आहेत. आणखी एक वाक्य आहे, जे कोणी उत्तर म्हणून दिलेलं नाही. मागे जाऊन शोधा हवं तर. मी थांबतो.

सापडलं? नसेल तरी हरकत नाही. चला.

एल्रॉय गिटारची पेटी उचलून दाराशी पोचला होता.

"एल्रॉय, पेटी खाली ठेव," अनुपमा मिस वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या. "तू खोटं बोलतोयस, आणि तुला ते नीट जमतही नाही."

"मिस, जाऊ दे मला. यल्ला, निघतो, खलास."

"खलास नाही. केली, ऐक. इथे चोर नाहीच आहे."

खालच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्र्यावर ठोकत होतं. खिडकीत आज लाल टॉवेल लागलेला नव्हता.

"चोराला घोडी हवी असती, तर त्याने तारा कापल्या असत्या. इथे कोणीतरी एकेक खुंटी मोजून फिरवली. असं कोण करतं? तारांना आराम मिळावा असं ज्याला वाटतं, तो. म्हणजे हे एल्रॉयच्या नियमाने झालं. पण गिटारच्या खुंटीला दोन वेढे दिले, तर तार थोडीशी उतरते. बँजोच्या खुंट्या फार भराभर तार सोडतात. तिथे तेच दोन वेढे दिले की तार लोळागोळा. हे केलीला माहीत आहे. अंकलना आणि एल्रॉयलाही माहीत आहे, ते केलीबरोबर किती वर्षं वाजवतायत. ज्याच्या हातात बँजो कधी आलाच नाही, त्याला मात्र माहीत नाही."

एल्रॉयने पेटी खाली ठेवली.

"तारा सैल झाल्या आणि घोडी पडली. आता या माणसाला काय वाटलं असेल? गिटारची घोडी चिकटवलेली असते. ती हातात आली, म्हणजे तुटली. त्याला वाटलं, आपण आजोबांची घोडी मोडली."

"अरे देवा," स्टॅनली अंकल पुटपुटले.

"मग त्याने ती परत चिकटवायचा प्रयत्न केला. या तीन खुणांवर ग्लू आहे. म्हणून मी तुम्हा तिघांना तो वेडा प्रश्न विचारला. तिघांनाही माहीत होतं, की बँजोची घोडी चिकटवत नाहीत. म्हणजे ग्लू तुमच्यापैकी कोणी लावला नाही. ग्लू ओला होता, घोडी टिकेना, जिन्यात अंकलची पावलं वाजली. त्याने पेटी लावून टाकली आणि घोडी खिशात घातली. फेकून देण्यासाठी नाही. दुरुस्त करण्यासाठी."

तो ग्लू कुठला होता, हे मिसनी सांगितलं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही. शाळेत वहीत चित्रं चिकटवायची कांडी असते ना, तिचा. पस्तीस वह्या तपासल्या की मिसच्या बोटांवर तसल्याच वळ्या जमत. आणि शुक्रवारी दप्तर घेऊन आलेला या खोलीत एकच जण होता. सगळे "कुठे गेली, कुठे गेली" विचारत होते, तेव्हा "दुरुस्त होईल का?" असं विचारणाराही तोच.

मिसनी सांगितलं नाही, तरी खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पण कोणीही कोपऱ्याकडे मान वळवली नाही. नादिया हेडफोनची वायर सरळ करत बसली. स्टॅनली अंकलनी टोपीची कड तपासली. केलीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी नाव घेणार नाही," मिस म्हणाल्या. "मला फक्त त्याला एक गोष्ट सांगायचीय, कारण ती त्याला कोणी शिकवली नाही. तो आमचा दोष. बँजोची घोडी कधीच चिकटवलेली नसते. तारा तिला दाबून धरतात, म्हणून ती उभी राहते. आणि ती उभी राहते, म्हणून तारा वाजतात. बाकी तिला कसलाच आधार नसतो. तेव्हा ती तुटलेलीच नाही. ती फक्त खाली पडली आहे."

खाली ठोकणं चालू होतं. कोपऱ्यात बूट करकरला.

६

वरद उठला, तो केलीकडे गेला नाही. आधी एल्रॉयकडे गेला. त्याच्यासमोर उभा राहिला आणि इंग्रजी आठवेना तसा मराठीत म्हणाला, "सर, ढील मी दिली होती. तुम्ही नव्हती दिली."

"माहितीय रे," एल्रॉय म्हणाला.

"मग तुम्ही का सांगितलं?"

"तू माझा स्टुडंट आहेस. माझा नियम तू पाळलास. अर्धा नियम मी शिकवलाच नाही, मग मार कोणी खायचा?"

वरदने पँटच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. रुमाल इस्त्रीचा होता, चार घड्यांचा. आत घोडी होती, बोटभर लांब, रहाटाच्या लाकडाची, काळपट. तिच्या तिन्ही पायांना वाळलेला ग्लू चिकटला होता. त्याने ती केलीपुढे धरली.

"सॉरी, केलीदीदी. आय थॉट द बँजो वॉज टायर्ड."

केलीने ओठ दाबले. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नसावं. "टायर्ड होताच रे तो. नऊ गाणी वाजला होता बिचारा." मग ती मान न वळवता म्हणाली, "एल्रॉय, माझं चुकलं."

"इट्स ओके. पण ड्रम्सचा विचार कर."

"नाही."

"थोडेसे?"

"नाही रे हबीबी!"

स्टॅनली अंकलनी पाण्यात रुमाल भिजवून घोडीचे पाय आणि कातड्यावरच्या खुणा पुसल्या. शाळेचा ग्लू, दोन पुसण्यांत गेला.

तुम्हाला धीर नाही, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. दहावं गाणं झालं का? झालं. लाल टॉवेल लागला, एसी बंद झाला, आणि घामाने भिजलेली तीन माणसं एका माइकसमोर उभी राहिली. केलीने पहिली ओळ उचलली, आणि गाणं संपून टॉवेल काढल्यावरही खालचे मेकॅनिक हातोडा धरून तसेच उभे होते म्हणतात. फिडल पुढे आलं, मागे सरलं. बँजोतून पाणी चढत राहिलं, रहाटाच्या पोहऱ्यांतून चढावं तसं, आणि त्यावरून तो उंच आवाज कुठल्या कुठे गेला. मी तो अल्बम पुष्कळदा ऐकला आहे. नऊ गाणी सुंदर आहेत. दहावं ऐकताना मी हातातलं काम खाली ठेवतो. स्टॅनली अंकलना विमान मिळालं का? मिळालं. शेवटचा सूर संपला तेव्हा त्यांनी लगेच गज खाली घेतला नाही, एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी घोडी उभी करायची होती, आणि त्या वेळी वरदने काय केलं ते सांगायचं राहिलंच.

केलीने बँजो मांडीवर आडवा घेतला आणि घोडी पुन्हा वरदच्या हातात दिली. "तू ठेव. तीन खुणा दिसतायत ना? तिथे. मी तारा ताणते, तोवर धरून राहा."

वरद गुडघ्यांवर बसला. त्याने घोडीचे तीन पाय तीन खुणांवर टेकवले आणि दोन बोटांच्या चिमटीत तिला उभं धरलं. केलीने पहिली खुंटी फिरवली. मग दुसरी. लोळणाऱ्या तारा कातड्यावरून उठल्या आणि घोडीच्या खाचांत बसल्या. चौथी झाली, मानेच्या कुशीतली पाचवी झाली. तारा बोलू लागल्या. वरदने चिमूट सोडली नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि बोटं पांढरी.

"झालं," केली म्हणाली. "सोड आता."

त्याने मान हलवली. नाही.

"पडली तर?"

"तारांनी धरलंय तिला. सोडून बघ."

वरदने एल्रॉयकडे पाहिलं. एल्रॉयने मान डोलावली. वरदने डोळे घट्ट मिटले आणि एक बोट उचललं. मग दुसरं.

डोळे उघडले तेव्हा घोडी उभी होती. तो उठला, आणि खिडकीशी जाऊन त्याने लाल टॉवेल लटकवला.